अंड्यांवर बसायचं कुणी?

खुडूक कोंबडी विकत मिळत नाही. तलंग मिळते, अंड्यावर आलेली मिळते, कोंबडा तर कुठल्याही आठवडी बाजारात पाय बांधून उलटा टांगलेला मिळतो. पण अंडी घालायचं थांबवून, पिसं फुलवून, जवळ गेलं की गुरगुरणारी आणि एकवीस दिवस जागा न सोडणारी कोंबडी कुणी बाजारात आणत नाही. आणलीच, तर पिशवीतून उतरेपर्यंत तिचं खुडूक मोडलेलं असतं. ती आपल्याच खुराड्यात बसते आणि तिच्या मनाला येईल तेव्हाच बसते. मी निवृत्त शिक्षिका, कराडच्या घरामागे गावठी कोंबड्या पाळते, रंग आणि तुरे बघून जोड्या लावते, पिलावळ वाढवते. हौसच ती, पोट त्यावर नाही. पण या हौसेपायी कोंबडीचा मागचा इतिहास चाळला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कोंबडीचा धंदा जगभर वाढला तो तिचं हे बसणं मोडून. अंडं तिचं आणि ऊब दुसऱ्याची, एवढी सोय झाली आणि बाकी सगळं त्यामागून आलं.

माझं आजोळ पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. तिथं आजी कोंबडी बसवायची तेव्हा घरातल्या कुणाची ढवळाढवळ चालत नसे. कोंबडी खुडूक झाली म्हणून आजी लगेच तिच्याखाली अंडी ठेवत नसे. आधी एक जुनं अंडं खाली ठेवून दोन रात्री बसू द्यायची. टिकली तर मग डालगं निघायचं. तळाला चुलीतली राख, वर भाताचा पेंढा, त्यात निर्गुडीचा पाला. राख आणि पाला पिसवांसाठी. बसलेली कोंबडी धुळीत लोळायला जात नाही, त्यामुळे पिसवा तिला खाऊन टाकतात, आणि बेजार होऊन ती अर्ध्यावर उठली की सगळी अंडी गेली. अंडी आठवड्याच्या आतली हवीत, तडा नसलेली, न धुतलेली. संख्या विषम, अकरा नाहीतर तेरा. दिवस मावळल्यावर, अंधारातच ती पोटाखाली सरकवायची. आणि शेवटी पेंढ्यात एक लोखंडी खिळा खोचायचा. वीज कडाडली तर अंडी नासतात म्हणून.

त्या खिळ्याला आम्ही नातवंडं हसायचो. पुढं कधीतरी रोमन लेखक वाचनात आले. पहिल्या शतकातला कोलुमेला हा शेतीवर लिहिणारा माणूस. कोंबडी बसवताना तिच्याखाली लॉरेलच्या डहाळ्या, लसणाचे गड्डे आणि लोखंडी खिळे ठेवा, म्हणजे गडगडाटानं अंडी नासत नाहीत, असं तो सांगतो. अंड्यांची संख्या विषम हवी हेही सांगतो. त्याच्याच काळातला थोरला प्लिनी गडगडाटावर हाच खिळ्याचा उतारा देतो. रोमचा खिळा पाटणला कसा आला, की इकडचा तिकडं गेला, की दोन्हीकडच्या बायकांना तो आपापला सुचला, यावर मी पैज लावणार नाही. अंड्याच्या आकारावरून नर-मादी ओळखायची आजीची रीतसुद्धा अशीच जुनी. टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून तलंग. प्लिनीचं म्हणणं हेच. त्याच्या चारशे वर्षं आधी ॲरिस्टॉटलनं बरोबर उलटं लिहून ठेवलं होतं. दोघांचंही खरं नाही, आकारावरून काही कळत नाही.

आजीचं जे खरं होतं ते वेगळं. आठव्या दिवशी दुपारी कोंबडी दाणे टिपायला उतरली की आजी माजघराचं कवाड लोटून घ्यायची. कवाडाच्या फटीतून उन्हाची तिरीप यायची. अंडं अंगठा आणि तर्जनीच्या कडीत धरून त्या तिरिपीला लावलं की आतलं दिसायचं. जिवंत अंड्यात तांबड्या शिरांचं जाळं आणि मधे हलणारा काळा ठिपका, वांझ अंडं नुसतं पिवळसर आणि मोकळं. वांझ निघालेली बाजूला काढली की उरलेल्यांना ऊब जास्त. हे काम मी आता मोबाईलच्या बॅटरीवर करते. बाकी त्यात काहीही बदललेलं नाही.

बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते. पंधरा-वीस मिनिटांत दाणा, पाणी आणि नाक मुठीत धरायला लावणारी एक भलीमोठी शीट, एवढं उरकून परत. बाकी सगळा वेळ ती चोचीनं अंडी स्वतःकडं ओढते, पालथी घालते, कडेची मधे आणि मधली कडेला करते. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ आतल्या पडद्याला चिकटून मरतो, हे शास्त्रज्ञांनी पुढं सांगितलं. विसाव्या दिवशी कान लावला तर कवचाच्या आतून बारीक चिवचिव ऐकू येते. पिलानं आतला पडदा फोडून बोथट बाजूच्या हवेच्या कप्प्यात चोच घातलेली असते. कोंबडी वरून हलक्या आवाजात कुटकुट करून त्याला उत्तर देते. आतलं आणि बाहेरचं हे बोलणं सुरू झालं की आजी कुणाला डालग्याजवळ फिरकू द्यायची नाही.

पिलं बाहेर पडली की आमचं काम सुरू. वाळवी आणायची. वारुळाजवळच्या ओल्या जागेत मडक्यात शेणकाला आणि काटक्या भरून रात्री पालथं घालायचं. सकाळी उचललं की आत पांढरी वाळवी वळवळत असायची. ती कोंबडीपुढं आपटली की कोंबडी स्वतः एकही न खाता पिलांना हाका मारायची. पहिले आठ-दहा दिवस कण्या आणि वाळवी, यावर जी पिलं वाढायची त्यांच्या अंगाला मी आजही बाजारच्या खाद्यावर तेवढी चकाकी आणू शकत नाही. घारीला भुलवायला काही घरी पिलांना गुलाबी रंग फासायचे. घार त्यानं फसायची की नाही देव जाणे, आम्हाला आपली पिलं शेजारच्या पिलांतून ओळखता यायची हे नक्की.

कोंबडी ही बाईची दौलत होती. म्हशीचं दूध, भाताची पोती, बैल यांचा पैसा पुरुषाच्या कनवटीला जायचा. अंड्याचा आणि पिलाचा हिशेब घरात कुणी विचारायचं नाही. वाण्याकडं अंडी देऊन मीठ, काडेपेटी, खोबरेल यायचं. माझ्या पहिल्या पाटीचे पैसे एका कोंबडीचे होते. जिच्या घरी कोंबडी नव्हती तिला अर्धलीनं मिळायची. एकीनं खुडूक कोंबडी आणि अंडी द्यायची, दुसरीनं सांभाळायचं, पिलं वाढली की निम्मी-निम्मी. शेळीची अर्धली पुरुष बसून ठरवायचे, कोंबडीची विहिरीवर ठरायची.

आणि कोंबडा? तेरा अंड्यांतून नऊ-दहा पिलं निघाली तर निम्मे नर असायचे. त्यांची कुणाला अडचण नव्हती. एक म्हसोबाला, एक यात्रेला, एक जावई आला तर, एखादा कुणावरून उतरून टाकायला. खाली कोकणात राखणदाराला वर्षाची राखण म्हणून कोंबडाच लागायचा. पाळायला एखादा चांगला ठेवला की बाकीचे देवाधर्मात आणि पाहुण्यांत खपून जायचे.

हे सगळं कुठं लिहून ठेवलेलं मात्र सापडत नाही, आणि त्याचं कारण उघड आहे. गावात उकिरडा उकरणारा कोंबडा द्विजांना निषिद्ध असं मनुस्मृतीनं सांगितलं, त्यामुळे लिहिणाऱ्यांच्या घरात कोंबडी नव्हती आणि कोंबडी होती त्या घरांत लिहिणं नव्हतं. आमच्या आळीत भटांच्या ओटीवर कोंबडी चढली तर ओटी सारवून घेत. घोडा, हत्ती, गाय यांच्यावर आपल्याकडं ग्रंथ आहेत. डालग्यात काय अंथरावं हे सांगणारा मराठी कोलुमेला झाला नाही. त्याच्या जागी आज्या होत्या.

कोंबडी मुळात कुठली, यावर एक मोठं कोडं सुटत आलेलं आहे, आणि त्यात आपल्या सह्याद्रीचा वाटा आहे म्हणून थोडं सांगते. पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून आली असं चार्ल्स डार्विननं १८६८ च्या पाळीव प्राण्यांवरच्या ग्रंथात मांडलं. त्याच्या हाताशी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातल्या एडवर्ड ब्लाइदची पत्रं होती. नव्या जनुकीय अभ्यासांनीही मूळ तांबड्या रानकोंबड्यातच, म्यानमार, उत्तर थायलंड आणि नैर्ऋत्य चीन या पट्ट्यात दाखवलंय. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची हाडं आज पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी खात्रीशीर हाडं मानली जातात. भात आणि राळ्यासारख्या धान्याच्या शेताकडं रानकोंबडा ओढला गेला आणि माणसाळला, असा अंदाज आहे. पण डार्विन अगदी पुरता बरोबर नव्हता. २००८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा जनुक तांबड्या रानकोंबड्याचा नाही, तो करड्या रानकोंबड्याकडून आलाय. हा करडा रानकोंबडा दक्षिण आणि पश्चिम भारताचा. आमच्या कोयनेच्या रानात पहाटे जो तुटक आवाजात ओरडतो तोच. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे पिवळे ठिपके असतात, आणि त्या पिसांसाठी विलायतेतले मासे पकडणारे हौशी लोक एकेकाळी त्याच्या जिवावर उठले होते. कराडच्या बाजारात गिऱ्हाईक कोंबडीचे पाय आधी बघतो आणि पिवळे असले की दोन पैसे जास्त देतो. ते पिवळेपण जगातल्या कुठल्याही कोंबडीत असो, ते इकडच्या रानातलं आहे.

आता उबेकडं येते. अंडी कोंबडीशिवाय उबवायची युक्ती इजिप्तची. ॲरिस्टॉटलनंच लिहिलंय की तिथं अंडी शेणखतात पुरून उबवतात. पुढं तिथं कच्च्या विटांच्या भट्ट्या झाल्या, वर-खाली दोन कप्प्यांच्या खोल्या, गोवऱ्या आणि गवताचा मंद विस्तव, आणि हजारो अंडी एकदम. थर्मामीटर नाही. भट्टीवाला अंडं उचलून स्वतःच्या पापणीला लावायचा आणि ऊब कमी की जास्त ते सांगायचा. हे कसब घराण्यात राहायचं. फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञानं त्याचा पिच्छा पुरवला, शेणाच्या उष्णतेवर पिंपांत अंडी उबवून पाहिली आणि १७४९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पापणीचा प्रयोग मी करून पाहिला आहे. कोंबडीखालचं अंडं पापणीला लागत नाही इतकं आपल्या अंगासारखं वाटतं. यंत्रातलं दोन अंशांनी जास्त तापलं तर लगेच कळतं. ओठ आणि बोटं इतकी हुशार नाहीत.

एकोणिसाव्या शतकात कोंबड्यांची हौस विलायतेत आणि अमेरिकेत तापासारखी चढली. शांघायहून आलेल्या, पायांना पिसं असलेल्या अवाढव्य कोंबड्या बघायला प्रदर्शनांत झुंबड उडाली. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १८५२ मध्ये त्यातल्या काही थेट राणी व्हिक्टोरियाला नजर केल्या, आपलं नाव आणि कोंबड्यांचा भाव दोन्ही वाढवून घेतले, आणि तीन वर्षांनी या सगळ्या वेडाची टर उडवणारं पुस्तकही स्वतःच लिहिलं. त्या जातीला ब्रह्मपुत्रेचं नाव मिळालं, ते पुढं 'ब्रह्मा' एवढंच राहिलं. आज पुण्या-मुंबईतले हौशी लोक ब्रह्माच्या जोडीला हजारो रुपये मोजतात आणि तिला परदेशी म्हणतात. नाव आपल्याकडचं, कोंबडी शांघायची, घडवली अमेरिकेत.

त्याच काळात उलट्या दिशेनंही काम चाललं होतं. भूमध्य समुद्राकडच्या लेगहॉर्न, स्पॅनिश अशा जाती फारशा खुडूक बसत नाहीत, म्हणजे अंडी घालायचं थांबत नाहीत. खुडूक बसणारी गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि बसते. बसणं, पिलं वाढवणं यात दोन-अडीच महिने गेले की पुन्हा पहिल्यापासून. वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी झाली. जी बसतच नाही ती वर्षभर घालत राहते. मग तिची अंडी उबवायला यंत्र हवं, आणि यंत्र आलं की बसणाऱ्या कोंबडीची गरज संपली. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी लायमन बाइसनं १८७९ मध्ये उबवणी यंत्र बनवलं आणि ते गाव अंड्यांची राजधानी झालं. डार्विननं याबाबतीत एक मजेशीर गोष्ट नोंदवून ठेवली आहे. न बसणाऱ्या दोन वेगळ्या जातींचा संकर केला, तर होणारी कोंबडी पुष्कळदा पक्की खुडूक निघते. गेलेला स्वभाव परत येतो. याची प्रचिती माझ्याच खुराड्यात आली, त्याबद्दल पुढं.

आपल्याकडं साहेबाच्या बंगल्यामागं कोंबड्या असायच्याच. डाक बंगल्यावर पाहुणा उतरला की खानसामा अंगणातली कोंबडी धरून तासाभरात ताटात वाढायचा, आणि साहेब लोक त्या पदार्थाला 'सडन डेथ' म्हणायचे, अशी नोंद 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात आहे. मडमांनी हौसेनं विलायती जाती आणल्या, त्या इथल्या रोगांनी पटापट मेल्या. १९२६ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला कोंबड्यांची एक नवी साथ ओळखली गेली, आणि लवकरच कुमाऊंतल्या राणीखेतला तीच सापडली. आमच्या गावात ती मानमोडी. मान वाकडी, हिरवी शीट, आणि आठवड्यात खुराडं साफ. आजी अशा वेळी काही करत नसे. उरलेली एखादी निघाली की तिलाच बसवायची. लस आली तेव्हा मी शिक्षिका झाले होते, आणि दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमधून लस आणायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. पिलाच्या डोळ्यात एक थेंब, बस्स. गावठी कोंबडीसाठी सरकारनं केलेल्या कामांत त्या थेंबाइतकं उपकारक मला दुसरं दिसत नाही.

बाकीच्या कामाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. खडकी, कोल्हापूर, नागपूर, औरंगाबादला सरकारी अंडी उबवणी केंद्रं झाली, मुंबईत आरेला केंद्र सरकारचा पैदास फार्म झाला. ऱ्होड आयलंड रेडचे तांबडे कोंबडे गावोगाव वाटले गेले, गावठी कोंबडीला लावून अंडी वाढवण्यासाठी. मग १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, पुण्यात तिचा पसारा वाढला, आणि वर्षाला तीनशेहून जास्त अंडी घालणारी पांढरी कोंबडी पिंजऱ्यात आली. १९८२ मध्ये नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी झाली आणि अंड्याचा भाव दलालाच्या हातून सुटला. या माणसांनी अंडं स्वस्त केलं, याला मी नावं ठेवणार नाही. माझ्या वर्गातल्या किती पोरांनी पहिलं अंडं त्या पांढऱ्या कोंबडीचं खाल्लं असेल.

पण त्या धंद्यात नराचं काय होतं ते बघा. अंडं फुटल्यावर पिलाच्या पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तग धरतं. निसर्गानं हे केलंय ते मागं राहिलेल्या भावंडांसाठी कोंबडीला थांबता यावं म्हणून. धंद्यानं त्याचा उपयोग करून एक दिवसाची पिलं खोक्यांतून आगगाडीनं पाठवली. एक दिवसाच्या पिलाचं लिंग ओळखायची विद्या १९२०च्या दशकात जपान्यांनी काढली. अंड्यांच्या जातीतले नर मांसालाही परवडत नाहीत, तेव्हा ते पहिल्याच दिवशी बाद. त्यातले काही आमच्यापर्यंत यायचे. सायकलवाला यायचा, मागं टोपलीत हिरवी, गुलाबी, जांभळी रंगवलेली पिलं. रुपया-दोन रुपयांना एक, नाहीतर फुटक्या बादलीच्या बदल्यात दोन. पोरं रडून घ्यायची आणि दोन दिवसांत पिलं मरायची, कारण त्यांना ऊब नव्हती. माझ्या घरी एखादी खुडूक असली की मी रात्री आळीतल्या पोरांची ती रंगीबेरंगी पिलं तिच्या पोटाखाली सरकवायची. सकाळी तिला वाटायचं आपलीच. जांभळं पिलू पाठीवर घेऊन फिरणारी काळी कोंबडी बघायला पोरं शाळेला उशीर करायची, आणि उशिराची शिक्षा मलाच करावी लागायची.

परसातल्या कोंबडीसाठी म्हणून पुढं खास जाती आल्या. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संचालनालयाची वनराज. दिसायला देखण्या, वाढीला जोरदार, अंडीही गावठीच्या दुप्पट-अडीचपट. बचत गटाच्या बायकांना योजनेतून मिळाल्या. आणि त्या बसत नाहीत. परसातली कोंबडी म्हणून दिली, तिच्यातून परसातली गोष्टच काढून घेतली. आजीला एकदा कोंबडी मिळाली की पुढची पंचवीस वर्षं ती कुणाच्या दारात गेली नाही. गिरिराजवालीला प्रत्येक वेळी पिलांसाठी केंद्राकडं अर्ज करावा लागतो, आणि केंद्राची गाडी तालुक्याला कधी येईल ते कुणी सांगत नाही. योजना आखणाऱ्यांत एकही कोंबडी बसवलेली बाई नसावी असं मला वाटतं.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. रोग पोल्ट्र्यांत होता, पण मारण्याच्या पट्ट्यात आदिवासी पाड्यांवरच्या परसातल्या कोंबड्याही आल्या. लाखांनी पक्षी पुरले. पोल्ट्र्या नव्या पिलांनी पुन्हा भरतात. पाड्यावरची कोंबडी गेली की तिच्याबरोबर त्या पाड्याचा वाण गेला. तो कुठल्या हॅचरीत ठेवलेला नसतो. २०२१ मध्ये नवापुरात तो रोग पुन्हा आला.

माझी उबवणीची पेटी २००६ च्या त्या साथीच्या सुमारास सुरू झाली. थर्माकोलचा खोका, आत बल्ब, संगणकाचा जुना पंखा, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी. ३७.५ अंश, ओलावा पन्नास-साठ टक्के, शेवटचे तीन दिवस तो वाढवायचा. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे फिरवलेलं कळतं. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. ते भारनियमनाचे दिवस होते. कोयनेची वीज निघते ते खोरं आमचं, आणि अंधारही आमच्याच वाट्याला. एका रात्री वीज गेली ती येईना. पेटीत असील जातीची अंडी होती, मिरजेहून मुश्किलीनं मिळवलेली, सोळा-सतरा दिवसांची. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून पाहिल्या, पण पारा उतरतच होता. खुराड्यात एक काळी कोंबडी नुसतीच खुडूक बसली होती. ती ऱ्होड आयलंडच्या नराची आणि योजनेतल्या मादीची. तिच्या आईला कधी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. कंदिलाच्या उजेडात सगळी अंडी तिच्याखाली ढकलली. तिनं पंख एवढे पसरले की ती चटईएवढी दिसायला लागली. सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त निघाली, आणि डार्विनला मी त्या दिवसापासून मानते. आज माझ्याकडं ज्या बसणाऱ्या कोंबड्या आहेत त्या बहुतेक तिच्या लेकी-नाती आहेत.

खुडूक नको असेल तर मोडायचे उपाय गावात सगळ्यांना ठाऊक होते: नाकात पीस घालायचं, पाण्यात बुचकळायचं, पायाला चिंधी बांधायची. आता माझ्याकडं येणारी मंडळी खुडूक बसवायचा उपाय विचारतात. बहुतेक तरुण पोरं. टाळेबंदीत नोकरी घरून करताना कोंबड्या घेतलेली. काहीजण त्याआधी कडकनाथच्या नादात पोळलेले. झाबुआच्या त्या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढच्याच वर्षी सांगली-कोल्हापूरकडं तिच्या नावानं शेतकऱ्यांना गंडवल्याची प्रकरणं पोलिसांत गेली. कडकनाथ बसण्यातही कच्चीच. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाख भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त; पोल्ट्रीतल्या वाढल्या त्या जेमतेम साडेचार टक्के. त्या वाढीत बसणाऱ्या किती, हे गणनेच्या रकान्यात नाही.

परवा पुण्याचा एक मुलगा आला. कॉम्प्युटरवाला, वाघोलीला बंगली, मागं मोकळी जागा. त्याला पिलं नको होती, "काकू, बसणाऱ्या वाणाची अंडी हवीत" म्हणाला. मी काळीच्या नातीची अंडी दिली आणि बसलेली नातही डालग्यासकट दिली, रात्री झाकून न्यायच्या बोलीवर. पैसे किती म्हणाला. मी म्हटलं, अर्धलीनं. पिलं तीन महिन्यांची झाली की निम्म्या तलंगा मला, कोंबडे सगळे तुझे. त्यानं जागच्या जागी मोबाईलवर करारनामा टाइप केला आणि माझी सही कुठं घ्यायची ते विचारायला लागला. कोंबडा कुठल्या देवाला द्यायचा तेही त्यानं विचारलं. वाघोलीचा देव तुझा तूच शोध, म्हटलं.